पथ्य आणि पंगत

साखर वाढली की माणूस चारचौघांत सांगतो, गुडघे दुखतात हेही सांगतो. पण सकाळपासून तीनदा जाऊन आलो आणि चौथ्यांदा जावं लागेल या धास्तीनं एसटीत बसलोच नाही, हे कोणी सांगत नाही. वाशीमहून अकोल्याला निघताना पाण्याचा घोटही न घेणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. ती लग्नाला जातात, आहेर देतात आणि पंगत बसायच्या आत निघून येतात. मागून लोक म्हणतात, मोठा झाला, आता आपलं जेवण चालत नाही याला.

डॉक्टर या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आयबीएस. पोट वरचेवर दुखतं, ते दुखणं शौचाशी जोडलेलं असतं, आणि कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी आलटूनपालटून दोन्ही. 2016 सालच्या जागतिक निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस असं दुखत असेल आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर आयबीएस म्हणता येतं. रक्त तपासलं, दुर्बीण घातली, तरी सगळं ठीक निघतं. मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तसं नाही. आतड्याच्या आणि मेंदूच्या मज्जातंतूंमधला संवाद बिघडलेला असतो; दुसऱ्याला जो गॅस जाणवतही नाही, तो याला कळ होऊन जाणवतो.

मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हे दुखणं बरीच वर्षं सोबतीला आहे, म्हणून त्याबद्दल वाचत आलो. एक गोष्ट आधीच सांगतो. शौचातून रक्त पडणं, वजन आपोआप उतरणं, झोपेतून उठून जावं लागणं, अंगात रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, यातलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा.

आहाराच्या बाबतीत मोठं काम झालं ते ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात. पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 च्या सुमारास फॉडमॅप हा शब्द पुढे आणला. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांचा गॅस करतात. गव्हात, कांद्यात, लसणात त्या आहेत. डाळी-कडधान्यांतल्या साखरा फोडणारं पाचकद्रव्य तर कुणाच माणसाच्या शरीरात नसतं. दुधातली साखर मोठेपणी पचत नाही असे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

म्हणजे पोळी, कांदा, लसूण, तूर, हरभरा आणि दुधाचा चहा! आमच्या वऱ्हाडातल्या माणसानं मग जेवायचं काय? आमच्या जिल्ह्यात सोयाबीनच्या पट्ट्यांमधून तूर उभी असते आणि वरणाशिवाय ताट ताट वाटत नाही. पण नीट पाहिलं तर निम्मं उत्तर आपल्याच चुलीपाशी आहे. ज्वारीची भाकर चालते, बाजरीची चालते, भात चालतो. वांगं चालतं, दोडका चालतो, शेंगदाणा चालतो. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून शिजवली तर त्रास देणाऱ्या साखरा बऱ्याच कमी होतात, आणि तुरीपेक्षा मूग अनेकांना सोसतो. ठेच्याची गोष्ट वेगळी. मिरचीत फॉडमॅप नाही, पण तिचा तिखटपणा आतड्यातल्या वेदनेच्या तंतूंनाच चेतवतो. इथे वऱ्हाडी माणसानं मन थोडं घट्ट करावं.

अवघड असतो तो कांदा. आमच्या घरात तर वाटण भाजल्याशिवाय स्वयंपाक सुरू होत नाही. मटणात फॉडमॅप नाही, वाटणात आहे. कांद्या-लसणावाचून चव कशी आणायची हे विचारायला मेलबर्नला जायची गरज नाही. कारंज्याला आणि शिरपूरला, जिथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे, जैन घरांतून पिढ्यान्पिढ्या तसाच स्वयंपाक होत आला आहे. हिंग, जिरं, कढीपत्ता. आलू तेवढा आपण आपला घालावा, तो पोटाला सोसतो. आणखी एक युक्ती आहे. लसणातल्या त्या साखरा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तळून पाणी घालायच्या आधी काढून टाकल्या, तर वास राहतो आणि त्रास जातो. हे तेल मात्र ताजंच करावं, बाटलीत भरून दिवसेंदिवस ठेवू नये, ते विषारी होऊ शकतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो, पांढरा नाही.

कोंडा खा, पोट साफ होतं, हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. आयबीएसमध्ये कोंड्यानं पुष्कळांचा त्रास वाढतो. इसबगोल त्यापेक्षा बरा, तोही थोड्यापासून सुरू करून आणि भरपूर पाण्याबरोबर. इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेनं 2008 साली दिलेल्या सूचनांत हेच आहे. वेळेवर जेवा, जेवण चुकवू नका, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर जाऊ देऊ नका, हेही त्यात आहे. तीन कप! आमच्याकडे दुपारपर्यंत तीन घरचेच होतात.

रमजानमध्ये जेवण चुकवू नका हे कसं पाळणार? रोजाचं डॉक्टरांना विचारावं, पण इफ्तारचं ताट आपल्या हातात असतं. खजूर, टरबूज, हरभरे, कांदाभजी, वर दुधाचं सरबत. दिवसभर रिकाम्या असलेल्या आतड्यावर फॉडमॅपची सगळी यादी एका बैठकीत ओतायची! रोजा एका खजुरानं सुटतो, पाच लागत नाहीत.

आता महत्त्वाचं. हे पथ्य जन्मभराचं नाही. यादी मिळाली की लोक ती भिंतीवर चिकटवतात आणि पुढची दहा वर्षं वाळत जातात. मोनाशची पद्धत सांगते, वर्ज्य करायचं ते दोन ते सहा आठवडे. त्यातही बरं वाटलं नाही तर हे पथ्य आपलं नव्हे, सोडून द्यावं. बरं वाटलं तर एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत, आणि काय होतं ते वहीत लिहायचं. हा दुसरा टप्पा बहुतेक जण गाळतात. फार काळ सगळं बंद ठेवलं तर आतड्यातले उपयोगी जीवाणूही उपाशी पडतात. आधीच वजन कमी असलेल्यांनी आणि मुलांनी तर आहारतज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊच नये. गहू सोडण्याआधी सिलिअ‍ॅक रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर ती तपासणी फसवी येते.

परत आणण्यातच पंगतीला बसायची सोय आहे. वाढपी आग्रह करतो, "घ्या ना भाऊ, एवढंसं!" त्याला सगळ्यालाच नाही म्हणणारा माणूस आजारी दिसतो, भात घेतला, वरण एकदा घेतलं आणि कोशिंबीर तेवढी राहू द्या म्हटलं, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या वहीप्रमाणे मला दोन पोळ्या सोसतात, तिसरी नाही. फोडणीतला लसूण चालतो, कच्चा कांदा मुळीच नाही. तुरीचं वरण एक वाटी. ओळखीच्या एका मास्तरांना कांदा हवा तेवढा चालतो, दूध मात्र चहापुरतंही चालत नाही.