कोरडा ऑगस्ट आणि दलाल स्ट्रीट

१९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट देशाने २०२३ साली अनुभवला. पावसाने ओढ दिली की अहिल्यानगर जिल्ह्यात उभा ऊस वाळतो. दलाल स्ट्रीटवर मात्र टंचाईच्या नुसत्या अंदाजाने साखर कंपन्यांचे शेअर वधारतात. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई करताच तेच शेअर घसरले. भांडवलदार शेअर विकून मोकळा होतो. परंतु १९५० साली प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा भाग शेअरबाजारात विकला जात नाही. सभासदाची जोखीम त्याच्या जमिनीशीच बांधलेली असते. म्हणून साखरेच्या तेजीतूनच ऊसकरी व तोडणी कामगारांसाठी अवर्षण निधी उभारावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे.