वेदीसमोरची संमती
वाशीम जिल्ह्यातली कॅथलिक मंडळी १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतात. इथल्या मुलीचं लग्न ठरलं, की आधी बाप्तिस्म्याचा दाखला काढावा लागतो. मग रविवारी चर्चमध्ये वधूवरांची नावं जाहीर होतात. कुणाची रास्त हरकत असेल, तर ती फादरना कळवायची. वेदीसमोर दोघं आपापल्या तोंडानं संमती देतात आणि साक्षीदारांसह नोंदवहीत सह्या करतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं या लग्नाला मान्यता आहे. पुढे संसार मोडलाच, तर चर्चनं विवाह रद्द ठरवणं पुरेसं नाही. न्यायालयाचा हुकूमनामा लागतोच. घटस्फोट कायद्यातल्या २००१ च्या दुरुस्तीपासून परस्परसंमतीनं घटस्फोटही मिळतो. तेव्हा लेकींनो, न्यायालयात लग्नाचा पुरावा म्हणून विवाहनोंदीचा उतारा स्वतःजवळ जपून ठेवा.