दोनशे दोन फेऱ्या



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मी एका मेकॅनिकबद्दल सांगणार आहे. नाव वेंडेल स्कॉट. जन्म 1921, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं डॅनव्हिल. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन गॅरेज टाकलं, आणि जोडीला चोरट्या दारूची वाहतूक सुरू केली. पोलिसांना चुकवायचं तर इंजिन त्यांच्यापेक्षा सरस हवं. स्टॉक कार शर्यतींचे सुरुवातीचे बरेच ड्रायव्हर याच धंद्यात तयार झाले.

स्कॉट काळे होते, आणि दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा वर्णभेद कायद्यातच होता. 1952 मध्ये शर्यतींच्या आयोजकांना गर्दी खेचण्यासाठी एक काळा ड्रायव्हर हवा होता. त्यांनी पोलिसांना विचारलं, आणि पोलिसांनी स्कॉट यांचंच नाव दिलं. तमाशा म्हणून बोलावलेला हा माणूस पुढे वीस वर्षं ट्रॅकवरून हटला नाही.

1961 मध्ये ते स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत, ग्रँड नॅशनलमध्ये उतरले. मोठ्या संघांकडे कंपन्यांचं पाठबळ होतं. यांच्याकडे इतरांनी वापरून सोडलेल्या गाड्या, जुने सुटे भाग आणि मदतीला स्वतःची मुलं. गाडी स्वतः बांधायची, स्वतः ओढत न्यायची, स्वतः चालवायची. वाटेत काळ्यांना खोली मिळायची नाही, मग गाडीतच झोपायचं. डार्लिंग्टनच्या ट्रॅकने तर कित्येक वर्षं त्यांना उतरूच दिलं नाही.

आता 1 डिसेंबर 1963 चा दिवस बघा. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, शर्यत दोनशे फेऱ्यांची. पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटींना गाठून मागे टाकलं. दोनशेवी फेरी झाली, तरी विजेत्याचा चौकड्यांचा झेंडा हलला नाही. ते चालवत राहिले. दोनशे एक, दोनशे दोन. मग झेंडा पडला तो दुसरे एक ड्रायव्हर, बक बेकर यांच्यासाठी. करंडक त्यांनाच मिळाला, फोटोही त्यांचेच निघाले. स्कॉट यांनी हरकत घेतली. काही तासांनी अधिकाऱ्यांनी मान्य केलं की शर्यत स्कॉट यांनीच, तीही दोन फेऱ्यांच्या फरकाने जिंकली होती. तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि बेकर करंडक घेऊन गेले होते.

अधिकारी म्हणाले, मोजणीत चूक झाली. फेऱ्या तेव्हा हाताने कार्डावर टिपत, त्यामुळे चूक होणं शक्य होतं. स्कॉट यांच्या घरच्यांना मात्र हे कधीच पटलं नाही. गोऱ्या प्रेक्षकांसमोर, करंडक देणाऱ्या गोऱ्या सुंदरीच्या शेजारी काळा विजेता उभा करायचा नव्हता, असं ते सांगत आले. मला त्यांचं म्हणणं खरं वाटतं.

ही गोष्ट मी आज मुद्दाम सांगतोय. तुमच्यातले काही जण गाडी चालवतील. पण बरेच जण मोजणीच्या टेबलापाशी बसतील. तपासणीचे अहवाल, निविदा, हजेरीपट, गुणपत्रिका, बढतीच्या शिफारशी तुमच्या सहीने पुढे जातील. स्कॉट यांच्या इंजिनात त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते टेबलापाशी.

पुढे 1973 मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवरच्या भीषण अपघातात स्कॉट यांची हाडं मोडली आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. एकूण 495 शर्यती, विजय एक. पण पहिल्या दहांत ते 147 वेळा आले. उसन्या-जुन्या सामानावर हे साधणं काय असतं, ते वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या प्रत्येकाला कळेल. 1990 मध्ये ते गेले. 2015 मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक नॅसकारने त्यांच्या कुटुंबाच्या हाती दिला तो ऑगस्ट 2021 मध्ये, डेटोनाच्या ट्रॅकवर. मूळ करंडक कधीच परत आला नाही. हा नवा घडवलेला होता.