कट्ट्यावरचे मत आणि रविवारची सुट्टी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. चहाचा पेला हातात घेऊन माणूस महागाईविषयी, मंत्र्यांविषयी, गणपतीच्या वर्गणीविषयी किंवा कालच्या क्रिकेटच्या सामन्याविषयी जे सहज बोलून जातो तेही मत. आणि पाच वर्षांतून एकदा मतदानकेंद्रात जाऊन तो जे नोंदवितो तेही मत. पहिल्याची दखल कोणी घेत नाही. दुसऱ्यासाठी सारे पक्ष जिवाचे रान करतात. वस्तुतः दुसरे मत पहिल्याच्याच पोटी जन्माला येते, ही साधी गोष्ट विसरली जाते.

कार्यकर्त्यांची नेहमीची तक्रार अशी की, लोकांना नुसती मते आहेत, कृती नको. सभेला पंचवीस माणसे जमतात आणि त्याच वेळी कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पन्नास उभी असतात. तक्रार खरी आहे. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे टपरीवरची चर्चा ही निव्वळ वायफळ बडबड होय, हा मात्र तपासून घेतला पाहिजे.

टपरीवरचे मत विसंगत असते, हे मान्य करावयास हवे. ‘सगळे पुढारी चोर’ म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाने नळ आणून दिला म्हणून त्याचे गुण गातो. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभा असलेला गृहस्थ सरकारच्या जिवावर जगणाऱ्या ‘फुकट्यां’ना शिव्या देतो. जात आता राहिली कुठे, असे म्हणणारा मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली की पोटजातीपर्यंत जाऊन पोचतो. या विसंगतीला हसणे सोपे आहे. परंतु ती त्या माणसाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या जगण्यातच अधिक आहे. ज्याला एकाच आयुष्यात नगरसेवकाची, सावकाराची, भावकीची आणि मुकादमाची मर्जी सांभाळावी लागते, त्याचे मत एकसंध कसे असणार? ते सलग व्हावयाचे तर त्याला विचार करावा लागेल, दुसऱ्याचे ऐकावे लागेल, बोललेले मागे घ्यावे लागेल. आणि या सर्वांना एक वस्तू लागते, जी बाजारात विकत मिळत नाही. ती म्हणजे फुरसत.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात फुरसतीची व्याख्या ‘कामाचा अभाव’ अशी येते. मजुरी वाढली की माणूस कामाचे तास आणि विश्रांती यांची निवड करतो, असे आलेख काढून दाखविले जाते. प्रत्यक्षात ही निवड कामगाराच्या हाती कधीच आयती आली नाही. ती त्याला मिळवावी लागली, आणि त्या मिळवण्याचा एक लढा आपल्याच मुंबईत झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांतील काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. दिवस मोठा झाला की कामही वाढे. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते फक्त मुलांना. अशा काळात जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणानेच मन हलते: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत मजुरी मिळावी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

या लढ्यातील एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रविवारच का, या प्रश्नाला लोखंडे यांनी जे उत्तर दिले असे सांगतात ते असे की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. लोखंडे सत्यशोधक होते. देवदेवतांच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध त्यांची सारी चळवळ होती. तरीही कामगाराच्या मनातला खंडोबा त्यांनी तुच्छ लेखला नाही. जोतीरावांनीही ‘गुलामगिरी’त (१८७३) खंडोबाचा अर्थ बळीराजाच्या राज्यातील एका खंडाचा अधिकारी असा लावला होता. म्हणजे लोकांच्या श्रद्धेतच शिरून तिला न्यायाच्या बाजूने उभे करण्याची ही रीत होती. धर्म, राजकारण, विरंगुळा आणि रोजचे जगणे हे चारही विषय त्या एका रविवारी एकत्र आले. जेजुरीला जाण्यासाठी मागितलेला दिवस सभेलाही मिळाला, वाचनालाही मिळाला, आणि मुलाला खांद्यावर घेऊन चौपाटीवर फिरण्यासाठीही मिळाला.

पुढचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात आहे. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला मान्यता दिली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ती चोपन्न झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सदस्य असताना १९४६ मध्ये ती अठ्ठेचाळीस तासांवर आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच कायम केली. साठावरून अठ्ठेचाळीसवर यावयास चोवीस वर्षे लागली, म्हणजे दोन वर्षांत सरासरी एक तास. या बारा तासांतच गिरणगाव घडले. भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी, खाणावळीत मोठ्याने वाचले जाणारे वर्तमानपत्र, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, या साऱ्याचे भांडवल तेच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जे मत रस्त्यावर उतरले ते आधी चाळीच्या कठड्याला टेकून घडलेले होते.

अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३० मध्ये असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत उत्पादकता इतकी वाढेल की माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, आणि उरलेल्या वेळेचे काय करावे हाच त्याचा मुख्य प्रश्न होईल. २०३० साल आता दाराशी आले आहे. उत्पादकतेविषयीचा त्यांचा अंदाज संपन्न देशांपुरता बराचसा खरा ठरला. तासांविषयीचा साफ चुकला. कारण यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, हे यंत्र ठरवीत नाही.

आपल्याकडे तर काटा उलटा फिरू लागला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ख्यातनाम सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे बोल प्रसिद्ध झाले. रविवारी काम करवून घेता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखविली आणि घरी बसून बायकोचे तोंड किती वेळ पाहणार, असेही विचारले. नव्वद तास म्हणजे रविवार सोडला तर रोजचे पंधरा. हेही एक सहज बोललेले मतच होते. परंतु अशा मतांना धोरण व्हावयास वेळ लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. ज्याचे कंत्राट अकराव्या महिन्यात संपते त्याच्या लेखी संमतीला किती अर्थ असतो, हे कोणत्याही कामगाराला विचारावे.

हिशेब सोपा आहे. बारा तास काम, कर्जत किंवा कसाऱ्याहून जाण्यायेण्याचे तीन तास, झोपेचे सात. बावीस झाले. उरलेल्या दोन तासांत स्नान, जेवण, मुलांचा अभ्यास, दुखणेबहाणे आणि नागरिकत्व. अशा माणसाने सभेला यावे ही अपेक्षा करताना कार्यकर्त्याने एकदा हा हिशेब मांडून पाहावा.

येथे एक जुना दोषही कबूल केला पाहिजे. ज्या कट्ट्याचे आणि पाराचे इतके कौतुक होते, तेथे बसण्याचा अधिकार सर्वांना कधीच नव्हता. गावच्या पारावर दलिताला जागा नव्हती. चहाच्या दुकानात त्याची कपबशी वेगळी होती. आणि स्त्री? पाणवठा हाच तिचा कट्टा, तोही डोईवर हंडा असताना. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे रोजच्या सव्वातीन तासांहून अधिक. संध्याकाळी कोपऱ्यावर उभा असलेला पुरुष राजकारणावर जे मत मांडतो त्याची किंमत घरात दुसरे कोणी मोजत असते. बायकांना राजकारणात रस नसतो, हे पुरुषांचे आवडते मत या सव्वातीन तासांवर उभे आहे. लोखंड्यांचा रविवार गिरणीतल्या बाईला मिळाला. चुलीपुढच्या बाईला तो अजून मिळावयाचा आहे. ही मागणी कोणत्या मालकाकडे करावयाची, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरात शिरताना स्वतःला विचारावे.

मिळालेल्या थोड्या फुरसतीवरही आता डोळा आहे. पूर्वी दोन पाळ्यांमधली वेळ माणसाची स्वतःची असे. आज तीच वेळ हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर जाते आणि ती जितकी अधिक जाईल तितके कंपन्यांचे जाहिरातींचे उत्पन्न वाढते. तेथेही मते असतात, किंबहुना तेथे मतांचाच सुकाळ आहे. कट्ट्यावर मात्र समोरच्या माणसाचे तोंड दिसत असे. त्याला शिवी दिली तरी उद्या त्याच नळावर त्याच्या मागे उभे राहावयाचे आहे, ही जाणीव जिभेला आवर घाली. तो आवर सुटला की मत आणि द्वेष यांतील अंतर उरत नाही.

द्वेष कोठवर जातो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरावयास निघाले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर पत्नीसह सकाळच्या फेरीवरून परतताना हल्ला झाला आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. दोघांचीही मते जाहीर होती, छापलेली होती, सौम्य भाषेत समजावून सांगितलेली होती. मारेकऱ्यांनी गाठले ते मात्र दिवसाच्या सर्वांत निर्धास्त वेळी. निर्धास्तपणे फिरता येणे आणि निर्धास्तपणे बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढा धडा त्यातून घेतला पाहिजे.

मग कार्यकर्त्याने करावे काय? पहिले म्हणजे टपरीवर जावे, आणि तेथे भाषण करू नये. ऐकावे. ‘सगळे चोर’ या वाक्यामागे कोणता नाकारलेला दाखला आहे, कोणती बुडालेली मजुरी आहे, ते विचारावे. वारीला जाणाऱ्या शेतकऱ्याची श्रद्धा आणि मंदिरप्रवेशासाठी १९४७ मध्ये पंढरपुरात साने गुरुजींनी केलेले उपोषण यांत वैर नाही, हे ध्यानी धरावे. दुसरे, कामाच्या तासांचा प्रश्न केवळ कामगार संघटनेचा समजू नये. तो लोकशाहीचा प्रश्न आहे, कारण थकलेल्या माणसाचे मत दुसराच कोणी तयार करतो. तिसरे, सभेची वेळ ठरविताना वस्तीतल्या बायकांना विचारून ठरवावी, आणि त्या वेळी स्वयंपाक कोण करील याचाही निर्णय त्याच बैठकीत घ्यावा.

लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता गेले. त्यांनी मिळविलेल्या रविवारी आज कोट्यवधी माणसे उशिरा उठतात, मटण आणतात, सामना पाहतात, देवाला जातात आणि सरकारला नावे ठेवतात. त्यांपैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे. त्याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. त्यांना सांगावयाचे एवढेच की, हा दिवस पंचांगात आयता आलेला नव्हता, आणि जो दिवस मागून मिळाला तो न मागताही काढून घेतला जाऊ शकतो.