धुराची सावली आणि आपला पाऊस



ढग दाटतात अन् न बरसता निघून जातात, तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. वारा, समुद्र, डोंगर यांचा त्यात वाटा असतोच. पण आणखी एक वाटेकरी आहे: हवेतले बारीक कण.

वाफेचा थेंब व्हायला आधार लागतो. मिठाचा, मातीचा किंवा धुराचा कण तो आधार देतो. कणच नसते तर ढगही नसता. पण कण फार झाले तर? वीस एकर दोन भावांत वाटली तर दोघांच्याही दावणीला बैलजोडी राहते. तीच चाळीस जणांत वाटली तर कुणाचंच भागत नाही. ढगाचंही तसंच. पाणी तेवढंच, वाटेकरी जास्त. थेंब बारीक राहतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. बारीक थेंब सहज एकत्र येत नाहीत अन् पाऊस लांबतो.

असा ढग अधिक पांढरा दिसतो, ऊन परतवतो. दगडी कोळशातल्या गंधकाचे कणही ऊन परतवतात. काजळी मात्र ऊन शोषून हवा तापवते. २०२१ च्या जागतिक अहवालाचा हिशेब असा: कार्बनसारख्या वायूंनी पृथ्वी सुमारे दीड अंश तापवली, कणांनी त्यातले सुमारे ०.४ अंश झाकून ठेवले.

मग धूर बरा म्हणायचा? नाही! जमीन तापते म्हणून समुद्राकडून मोसमी वारा येतो. जमिनीवर धुराची सावली पडली की ती ओढ कमी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य-उत्तर भारताचा पाऊस घटला, त्यामागे मुख्यतः हे कण आहेत, असा निष्कर्ष २०११ साली शास्त्रज्ञांनी मांडला. शिवाय धूर आठवड्याभरात खाली बसतो. कार्बन शेकडो वर्षं राहतो. सावली उसनी, ताप कायमचा! म्हणून नुसता धूर गाळून भागणार नाही. कोळसा जाळणंच कमी झालं पाहिजे.

औष्णिक वीजकेंद्रांच्या गंधकावर २०१५ साली मर्यादा ठरली. मुदती वाढत गेल्या अन् २०२५ साली बहुतेक केंद्रांना गंधक गाळण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. बोट मात्र आपल्या धुऱ्यावरच्या जाळाकडे!

तरीही आपल्या वाट्याचं आपण करू. पऱ्हाटी पेटवायची नाही. बारीक करून कुजवायची, मातीत घालायची. कोरडवाहू रानात तीच ओल धरते. पण त्या यंत्राचं भाडं अन् मजुरी कापसाच्या उत्पादनखर्चात धरली पाहिजे, ही आपली मागणी. आभाळ सगळ्यांचं आहे, तर ते राखायचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी का?