तापलेल्या मोटारीचे निदान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोटार सुरू न होण्याविषयी कोणी तासभर बोलेल, अशी आपली अपेक्षा नसेल. परंतु जेथे १९६६ साली टेल्कोचा कारखाना आला, जेथल्या आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी तयार झाल्या आणि जेथली इंडिका १९९८ साली जगापुढे आली, त्या गावात हा विषय परका मानू नये. येथे घरोघर कोणी ना कोणी यंत्राची भाकरी खातो. आणि तरीही, आपली स्वतःची गाडी बिघडली म्हणजे आपण तिला वैद्याकडे न्यावे तशी नेत नाही, देवऋष्याकडे न्यावे तशी नेतो. तो म्हणतो बॅटरी बदला, आपण बदलतो. गुण आला नाही की तो दुसरे नाव घेतो. आम्ही स्वतः हे केले आहे, म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईत या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख लिहिले. आमची त्याआधीच गेली होती. २०११ च्या उन्हाळ्यात तिने एक खोड धरली. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होई. निगडीहून मोशी, चिंबळी, कुरुळी करीत चाकणला भाचीकडे जावे, चहा घ्यावा, पाव तासाने परत निघावे, तो बाईसाहेब ढिम्म! सेल्फ जोरात फिरे, इंजिन मात्र पकडत नसे. तासाभराने, आमचा सर्वांचा धीर सुटल्यावर, जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. आमच्या मंडळींनी तर बरोबर दशम्या घ्यायला सुरुवात केली.

गाडी एका गॅरेजात दाखवली. तेथे प्रथम बॅटरी बदलली. आता पाहा, सेल्फ जोरात फिरत असताना बॅटरीचा दोष कसा असेल? पण हा प्रश्न आम्हांस तेव्हा सुचला नाही. मग तेथल्या एका पोराने, सतरा-अठरा वर्षांचा असेल, कार्बोरेटर उघडून साफ करून बसवला. पुढच्या रविवारी चाकणच्या तळेगाव चौकात, ट्रकांच्या रांगेत, गाडी पुन्हा अडली. आम्ही संतापून गॅरेजात गेलो आणि पोराने काम बिघडवले असे चारचौघांत बोललो. मालकाने त्याचा आठ दिवसांचा पगार कापला. आम्ही तेथेच उभे होतो, आणि आम्हांस ते रास्त वाटले.

आमच्या इमारतीत एक निवृत्त मिस्त्री राहत. सारी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झालेली. त्यांना गाडी पाहावयास बोलावले. त्यांनी विचारले, "आत्ता सुरू होते का?"

"हो, थंड असली की झटकन होते."

"मग साहेब, थंड गाडी मला कशाला दाखवता?"

या एका वाक्यात सारे शास्त्र आले. जो दोष गरम असतानाच दिसतो, तो गरम असतानाच तपासला पाहिजे. आपण मात्र गाडी निवेपर्यंत थांबतो, ती चालवत गॅरेजात नेतो, आणि तोवर रोग नाहीसा झालेला असतो. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखेच हे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंजिन बंद केल्याबरोबर थंड होत नाही. चालू असताना पाणी फिरत असते, पंखा वारा घालत असतो, आणि पाण्याचे तपमान ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात राहते. किल्ली फिरवली की हे दोन्ही थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता कोठे जाणार? ती वर चढते, आणि कार्बोरेटर, पेट्रोलपंप, तारा, सारे काही आधीपेक्षाही तापते. पंधरा-वीस मिनिटे हा प्रकार चालतो. म्हणजे आपला चहा संपण्याची वेळ हीच नेमकी सर्वांत वाईट वेळ.

तर आम्ही दोघे गाडी घेऊन चाकणपर्यंत गेलो, परत येताना मोशीजवळ झाडाखाली थांबलो, आणि मिस्त्रींनी घड्याळ लावून पंधरा मिनिटे मोजली. सेल्फ मारला. गाडीने नकार दिला. मिस्त्री प्रसन्न झाले.

सेल्फ जड फिरला असता तर बॅटरी, तिच्या जाड तारा, अर्थचा जोड किंवा खुद्द स्टार्टर पाहावा लागला असता. तो नीट फिरत होता. म्हणून ते सर्व बाजूस पडले. उरल्या दोन गोष्टी, पेट्रोल आणि ठिणगी. पेट्रोल हा एकच एक द्रव नव्हे. ते अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतो. पंपात किंवा नळीत वाफ झाली की पंप वाफच रेटत राहतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. खंडाळ्याच्या घाटात जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकीत, ते याचसाठी. याच्या उलटही घडते. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते, मिश्रण अति होते, आणि पेट्रोलचा वास सुटतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवर पाय नाचवू नये. तो पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पायाने पंप मारणारा मनुष्य बुडणाऱ्यास पाणी पाजत असतो.

वास नव्हता. पंपावर ओले फडके ठेवले, फरक नाही. मग मिस्त्रींनी एका प्लगची तार रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ आणले. (नव्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये, जुन्यांवरही पेट्रोल सांडलेले असताना करू नये.) ठिणगी निळी, कडकडीत हवी. ही पिवळट आणि मरतुकडी होती. किल्ली बंद करून त्यांनी कॉइलवर ओले फडके गुंडाळले. दहा मिनिटांनी कॉइल पुसून सेल्फ मारला, गाडी सुरू!

"सापडले!" आम्ही ओरडलो.

"अजून नाही," मिस्त्री म्हणाले. "दहा मिनिटांत सगळीच गाडी थोडी निवली."

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसवली. तोच रस्ता, तेच झाड, तीच पंधरा मिनिटे. गाडी सुरू झाली. आणखी दोनदा तसेच केले, दोन्ही वेळा सुरू झाली. आम्ही पेढे आणावयास निघालो, तर मिस्त्रींनी जुनी कॉइल परत बसवली. आम्हांस हा वेडेपणा वाटला. पण त्याच जागी गाडी पुन्हा अडली, तेव्हा कोठे ते म्हणाले, "आता आणा पेढे."

कॉइलचे काम बारा व्होल्टचे कित्येक हजार व्होल्ट करण्याचे. तांबे तापले की त्याचा विरोध दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो. साठ अंश चढले की चतुर्थांश विरोध वाढला. त्यात वेढ्यांवरचे वार्निश जुने होऊन चिरलेले असले, तर गरम झाल्यावर वीज आतल्या आतच वाट काढते. निवली की चीर मिटते. म्हणून तासाभराने गाडी शहाणी होत असे.

नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, परंतु न्याय तोच. क्रँकच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर तापून मुका झाला, तर इंजिन फिरते आणि ठिणगीही नाही, पेट्रोलही नाही. पाण्याचे तपमान सांगणारा सेन्सर गरम इंजिनास थंड म्हणाला, तर पेट्रोल अति सुटते. टाकीतल्या पंपाची झडप गळकी असेल तर नळीतला दाब उतरतो. किल्ली दोनदा नुसती उघडझाप करून मग सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर संशय तिकडे न्यावा. चाकणच्या कारखान्यांतून आज निघणाऱ्या गाड्यांना संगणक जोडून हे वाचता येते. तो जोडायचाही गाडी अडलेली असतानाच, एवढे मेकॅनिकला सांगा.

राहता राहिला तो पोरगा. पेढे घेऊन आम्ही गॅरेजात गेलो. कार्बोरेटर त्याने उत्तम बसवला होता, मिस्त्रींनी तो पाहून तसे सांगितले होते. पोरगा काम सोडून गेला होता; चाकणकडे कोठे कंत्राटावर लागला, एवढेच मालकास ठाऊक. आठ दिवसांचे पैसे आम्ही मालकाजवळ ठेवले. ते त्याला पोहोचले की नाही, हे विचारावयास आम्ही पुन्हा दोनदा गेलो, दोन्ही वेळा उत्तर एकच, आला की देतो.

ती जुनी कॉइल आम्ही आज बरोबर आणली आहे. येथे टेबलावर आहे. बाहेरून पाहता तिच्यात काही दोष दिसणार नाही. ज्यांना हातात घेऊन पाहावयाची असेल, त्यांनी व्याख्यानानंतर जरूर यावे.