श्वासाकडे अवधान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



योगाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही योगी नव्हे; खडू-फळ्याच्या संगतीत आयुष्य गेलेले शिक्षक आहोत. म्हणून सिद्धींच्या गोष्टी बाजूस ठेवून, प्रत्येकास घरी करून पाहता येईल तेवढेच सांगण्याचे योजिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची प्राणायामाशी पहिली ओळख संध्येत झाली. बोटे नाकाला लागत, ओठ हलत, आणि मन न्याहारीकडे धाव घेई. विधी पुरा होई. अवधान कोठेच नसे. आता संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली जाहीर केल्यापासून २१ जूनला योगदिन साजरा होतो. मैदाने फुलतात, छायाचित्रे निघतात. हेही इष्टच आहे. परंतु आसन साधले आणि अवधान सुटले, तर व्यायाम पदरी पडतो, योग निसटतो. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथे. धारणा व ध्यान त्यांच्याही पुढे आहेत. हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि यौगिक क्रियांचे परिणाम यंत्रांच्या साहाय्याने तपासण्याचा मार्ग घालून दिला. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील, इगतपुरीस होणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत आरंभीचे दिवस नैसर्गिक श्वास नुसता पाहण्यात जातात. प्राणायाम श्वासाला वळण लावतो, तर येथे तो जसा असेल तसा न्याहाळावयाचा असतो. अवधान मात्र दोन्हीकडे लागते.

आता श्वासच का निवडावा? हृदयाचे ठोके आपल्या आज्ञेत नाहीत, पचनही नाही. श्वास झोपेतही आपोआप चालतो आणि जागेपणी सांगितलेले ऐकतोही. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. राग वा भय उत्पन्न होताच ही गती वाढते. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून उच्छ्वास सावकाश लांबविला की शरीर निवू लागते.

कृती अगदी साधी आहे. सतरंजीवर अथवा खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसावे. पाच मिनिटे श्वास कसा येतो-जातो ते केवळ पाहावे. नंतर मनात चार अंक मोजून श्वास घ्यावा व सहा अंक मोजून सोडावा. ओढाताण करू नये. मन भटकेल. वर्गातील खोडकर मुलास हाताला धरून बाकावर आणावे, तसे त्यास परत आणावे. छडी उगारू नये. घेरी येऊ लागल्यास तत्काळ थांबावे. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून धरण्याचे प्रयोग करू नयेत आणि वैद्याचे औषध सोडू नये.

या उद्योगाचे खरे फळ घरात पाहावयाचे. आम्ही वडीलधारी मंडळी निवृत्त होतो. अधिकार जातो, आवाज तेवढा राहतो. सुनेचा एक शब्द, नातवाचे एक उत्तर, आणि भडका उडतो. शब्द ओठांवर येण्यापूर्वी एक दीर्घ श्वास जाणीवपूर्वक सोडता आला, तर कित्येक कुटुंबांतील अबोला टळेल. आसनात तासभर निश्चल बसणारा मनुष्य जेवणाच्या पानावर आदळआपट करीत असेल, तर त्याची साधना सतरंजीपुरतीच राहिली, असे आम्ही म्हणू.

आणखी एक विनंती. आपल्या घरांत संध्या पुरुषांपुरती राहिली. श्वास मात्र सर्वांस सारखाच दिलेला आहे. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीस ही दहा मिनिटे निर्वेध मिळावीत, म्हणून तेवढा वेळ स्वयंपाकघर पुरुषांनी सांभाळावे. हाही योगाभ्यासच होय.